कैदी छावणीतला गायक

तुम्ही गझल ऐकली असेल. चांगला गायक शेर गातो तेव्हा त्यातला शब्द न् शब्द आपल्याला कळतो. जर्मनीतही कविता गाण्याची अशी एक रीत आहे. एक गायक, एक पियानो वाजवणारा आणि एक कविता, बस्स! अशा गीताला तिथे ‘लीड’ म्हणतात. दीट्रिश फिशर-डीस्काउ हे या गीतांचे फार मोठे गायक होऊन गेले.

त्यांचा जन्म १९२५ साली बर्लिन शहरात झाला. त्यांचा आवाज ‘बॅरिटोन’ होता. म्हणजे फार उंच नाही आणि अगदी खर्जातलाही नाही. गाण्याचे शिक्षण चालू असतानाच, १९४३ साली, त्यांना दुसऱ्या महायुद्धात सक्तीने सैन्यात जावे लागले. त्यांचा एक भाऊ अपंग होता. नाझी सरकारने त्याला एका संस्थेत ठेवले आणि उपाशी मारले. १९४५ साली इटलीत फिशर-डीस्काउ अमेरिकन सैन्याच्या हाती सापडले. दोन वर्षे ते कैदेत होते. तिथे ते इतर कैद्यांना गाणी म्हणून दाखवत. घरापासून दूर असलेले ते श्रोते किती मन लावून ऐकत असतील!

सुटून आल्यावर १९४८ साली त्यांनी बर्लिनच्या रेडिओसाठी शूबर्टची चोवीस गीते गायली. त्याच वर्षी ते ऑपेरात, म्हणजे गाण्यांतूनच चालणाऱ्या नाटकात, उभे राहिले. पुढे त्यांनी शूबर्टची चारशेहून अधिक गीते ध्वनिमुद्रित केली. त्यांत कवी गटे यांच्याही कविता आहेत. हे तेच गटे, ज्यांच्या ‘दीवान’ला उत्तर म्हणून इक्बाल यांनी ‘पयाम-ए-मश्रिक’ लिहिले. १९९२ च्या शेवटी त्यांनी जाहीर गाणे थांबवले. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

आता १९६२ सालची गोष्ट ऐका. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराचे मोठे चर्च १९४० साली जर्मन बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. त्याच्या शेजारी नवे चर्च उभे राहिले. त्या प्रसंगासाठी बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने ‘वॉर रेक्विएम’ ही रचना केली. तिच्यात दोन सैनिक आहेत. एकाने दुसऱ्याला ठार मारले आहे, आणि मरणानंतर दोघे भेटतात. ब्रिटन यांनी एका सैनिकाचे गाणे पीटर पिअर्स या इंग्रज गायकाला दिले. दुसऱ्यासाठी त्यांनी मुद्दाम जर्मन गायक बोलावला. ते होते फिशर-डीस्काउ.

३० मे रोजी दोघे शेजारी उभे राहून गायले. गाणे संपले, तेव्हा फिशर-डीस्काउ यांना युद्धात गेलेले मित्र आठवले आणि त्यांना रडू आवरेना.