संवाद-चौकटीची रचना

प्रतिमा-प्रक्रियेच्या कोणत्याही आज्ञावलीत दोन प्रकारची कामे असतात. काही कामे यंत्राने करावयाची असतात, तर काहींचा निर्णय माणसाने द्यावयाचा असतो. हा निर्णय यंत्रापर्यंत पोहोचविण्याचे साधन म्हणजे संवाद-चौकट होय. पडद्यावर उघडणाऱ्या या लहानशा चौकटीत काही प्रश्न, उत्तरांसाठी काही जागा आणि दोन बटणे असतात. तिची रचना हे केवळ सजावटीचे काम आहे, असा समज आढळतो. वस्तुतः मापनाची विश्वासार्हता पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. चेन्नईच्या उत्तरेस, कोलकात्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत व परिसरात पोलादाचे कारखाने असून बांधकामाच्या सळया तयार होतात. टीएमटी सळई रोलिंग मिलमधून तप्त अवस्थेत बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचा मारा केला जातो. त्यामुळे बाहेरचा थर झटकन थंड होऊन कठीण बनतो. मागाहून गाभ्यातील उष्णता त्या थरात पोहोचते आणि त्याचा ठिसूळपणा कमी करते. गाभा सावकाश निवतो व तुलनेने मऊ राहतो. सळईचा आडवा छेद गुळगुळीत करून त्यावर नायट्रिक आम्ल व अल्कोहोल यांचे सौम्य मिश्रण लावले, की कठीण थराचे गडद कडे आणि गाभ्याची फिकट चकती वेगवेगळी दिसू लागतात. अशा छेदाच्या छायाचित्रावरून कड्याची जाडी मोजावयाची आहे, असे समजू.

सामान्यतः करड्या छायाचित्रातील प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, ० ते २५५ यांपैकी एक अंक असतो. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. कडे कोठे संपते आणि गाभा कोठे सुरू होतो, हे ठरविण्यासाठी या अंकांमध्ये एक सीमामूल्य निवडावे लागते. १६ मिलिमीटर व्यासाच्या सळईत कड्याची जाडी १ मिलिमीटर भरली, तर छेदाचे सुमारे २३.४ टक्के क्षेत्र कड्याने व्यापलेले असते. सीमामूल्य थोडे चढविल्याने तीच जाडी १.२ मिलिमीटर भरली, तर हा आकडा सुमारे २७.८ टक्क्यांवर जातो. सळई तीच आणि छायाचित्रही तेच. बदलला तो माणसाचा निर्णय.

अशा मापनासाठी इमेजजे ही आज्ञावली जगभर वापरली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅस्बँड यांनी ती जावा भाषेत रचली व १९९७ मध्ये ती उपलब्ध झाली. तिला नव्या क्षमता जोडणाऱ्या छोट्या आज्ञावलींना प्लगइन म्हणतात. प्लगइन लिहिणाऱ्याला चौकट शून्यापासून उभारावी लागत नाही. जेनेरिकडायलॉग नावाचा तयार साचा हाताशी असतो. अंकांसाठी, होय-नाहीसाठी आणि यादीतून निवडीसाठी त्यात एकेक जागा जोडत जावयाची, मग चौकट दाखवावयाची आणि शेवटी उत्तरे वाचावयाची, असा हा क्रम आहे.

या सोप्या क्रमातच चुकीच्या जागा दडलेल्या आहेत. अंकांची उत्तरे ज्या क्रमाने जागा जोडल्या त्याच क्रमाने परत मिळतात. समजा, पहिली जागा एका मिलिमीटरमधील पिक्सेलची आणि दुसरी सीमामूल्याची आहे. पुढे या दोहोंच्या मध्ये तिसरी जागा घातली आणि वाचण्याचा क्रम जुनाच ठेवला, तर नवीन अंकच सीमामूल्य म्हणून घेतला जातो. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही. ते चुकीचे उत्तर शांतपणे देते. रद्द करण्याच्या बटणाचेही असेच आहे. ते दाबले गेले काय, हे प्लगइनने स्वतः तपासावयास हवे. तपासले नाही, तर नकार देणाऱ्याच्या प्रतिमेवरही प्रक्रिया होऊन जाते.

प्रश्नांची भाषाही तितकीच महत्त्वाची आहे. ‘मूल्य’ एवढेच लिहिलेल्या जागेपुढे वापरणारा अडखळतो. ‘सीमामूल्य, ० ते २५५’ असे लिहिल्यास त्याला मर्यादा कळते. लांबीच्या जागेपुढे एकक असावे. आधीच भरून ठेवलेला अंक विचारपूर्वक निवडावा, कारण घाईत असलेला माणूस तोच स्वीकारतो. शक्य असेल तेथे सरकपट्टी व पूर्वदर्शन यांची सोय करावी. पट्टी सरकवताच कड्याची सीमा कशी हलते हे दिसले, म्हणजे निर्णय डोळसपणे घेता येतो.

शेवटचा मुद्दा नोंदीचा आहे. इमेजजेमध्ये वापरणाऱ्याच्या कृती टिपून ठेवणारी सोय आहे. चौकटीत दिलेली उत्तरे ती जागेच्या नावातील पहिल्या शब्दावरून ओळखते. म्हणून हे पहिले शब्द एकमेकांहून वेगळे असावेत व एकदा ठरल्यावर बदलू नयेत. अन्यथा जुन्या नोंदींवरून तेच काम पुन्हा करता येत नाही. सहा महिन्यांनी एखाद्या सळईविषयी वाद उद्भवला, तर केवळ जाडीचा आकडा पुरेसा होत नाही. तो कोणत्या सीमामूल्याने काढला, हेही सांगावे लागते. चांगली संवाद-चौकट मोजके प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारते, नकार मानते आणि दिलेल्या उत्तरांचा पुरावा मागे ठेवते.