आरशापुढचे मौन

'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' अशी आपल्याकडे म्हण आहे. हातातले कांकण डोळ्यांना सरळ दिसते, त्यासाठी आरशाची गरज पडत नाही. परंतु कपाळावरच्या कुंकवाचे काय? ज्या चेहऱ्यावरून सारे जग आपल्याला ओळखते, तो चेहरा आपल्याला स्वतःला मात्र कधीही सरळ पाहता येत नाही. त्यासाठी एक तर आरसा हवा, नाहीतर 'कुंकू फिसकटले आहे गं' असे सांगणारे माणूस तरी समोर हवे. मानसशास्त्राने आरशासंबंधी जो विचार केला आहे, तो बहुतांशी या दोन गोष्टींभोवती फिरतो : एक काच आणि दुसरे समोरचे माणूस. द्वितीय वर्षात हा विषय अभ्यासताना मला जे जाणवले, ते येथे थोडक्यात मांडत आहे.

१९७० साली गॉर्डन गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याने चिंपांझींच्या पिंजऱ्यासमोर काही दिवस आरसा ठेवला. सुरुवातीला, आपल्यापुढे दुसराच कोणी चिंपांझी उभा आहे अशा समजुतीने ते प्रतिबिंबाशी वागत. काही दिवसांनी मात्र ते आरशात पाहून दातांत अडकलेले अन्नाचे कण काढू लागले. मग गॅलपने त्यांना भूल देऊन त्यांच्या भुवईवर व कानावर तांबडा रंग लावला. शुद्धीवर आल्यानंतर आरशात पाहताच त्यांचे हात नेमके त्या डागांकडे गेले. आरशातला तो डाग आपल्याच अंगावर आहे हे त्यांना उमगले होते. शेपटीच्या माकडांना मात्र हे साधले नाही. १९७२ साली ब्यूला अॅम्स्टरडॅम या संशोधिकेने अशीच चाचणी लहान मुलांवर केली. तीन ते चोवीस महिन्यांच्या ८८ मुलांच्या नाकाला तिने लाली लावली व त्यांना आरशापुढे आणले. तान्ही मुले प्रतिबिंबाला दुसरे मूल समजून त्याच्याशी खेळली. वीस महिन्यांच्या पुढची बहुतेक मुले मात्र स्वतःला ओळखत असल्याचे दिसून आले. तेव्हापासून 'स्व'ची जाणीव मोजण्याचे माप म्हणून ही चाचणी जगभर वापरली जाते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ही जाणीव काचेमुळे येते काय? याचे उत्तर गॅलपच्याच पुढच्या कामात सापडते. जन्मापासून एकटे वाढवलेले चिंपांझी त्याने १९७१ साली आरशापुढे आणले, तेव्हा त्यांना स्वतःची ओळख पटली नाही. आरसा तोच होता, डोळेही तसेच होते; उणीव होती ती सोबत्यांची. ज्याने दुसऱ्याला पाहिले नाही आणि ज्याला दुसऱ्याने पाहिले नाही, त्याला आरसाही काही सांगू शकला नाही. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली हाच विचार वेगळ्या वाटेने मांडला होता. समाज हाच आपला आरसा, असे तो म्हणतो. आपण दुसऱ्याला कसे दिसत असू, तो आपल्याविषयी काय म्हणत असेल, याची आपण मनाशी कल्पना करतो आणि त्या कल्पनेने सुखावतो किंवा खजील होतो. यातूनच 'मी' घडत जातो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

मेंदूतही एक प्रकारचा आरसा असल्याचे पुढे आढळले. इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलात्ती व त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतील पेशींचा अभ्यास करीत होते. माकड स्वतः एखादी वस्तू उचलताना ज्या पेशी जाग्या होत, त्यांतील काही पेशी दुसऱ्याला वस्तू उचलताना नुसते पाहूनही जाग्या होत असल्याचे त्यांना दिसले. १९९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे या पेशींना 'आरसा-पेशी' असे नाव पडले. माणसाची सहानुभूती, भाषा, सारे काही या पेशींमुळेच आहे, असे दावे नंतर अनेकांनी केले. ते सर्वमान्य झालेले नाहीत. तथापि २००५ साली प्रसिद्ध झालेला लंडनमधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. बॅले नाचणारे व ब्राझीलचा कापोएरा हा प्रकार करणारे, अशा दोन्ही कलावंतांना दोन्ही नृत्यांची चित्रफीत दाखवण्यात आली. स्वतः शिकलेले नृत्य पाहताना मेंदूच्या या भागांत अधिक हालचाल झाली. म्हणजे मेंदूचा आरसा काही कोरा नसतो. आपण ज्या रीतीत वाढलो, जे हातापायांत मुरले, ते त्यात अधिक ठळक उमटते.

हे ध्यानात घेतले की आरशाच्या चाचणीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. कुत्रा या चाचणीत नापास होतो. पण कुत्र्याचे जग वासाचे आहे, त्याला काचेतल्या वासहीन कुत्र्याचे काय होय? २००६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील तीन हत्तिणींची अशी चाचणी झाल्याचे प्रसिद्ध झाले. अनोळखी हत्ती भेटावा तशी त्यांतली एकही आरशापुढे वागली नाही. तरी डोक्यावरच्या खुणेला सोंड लावली ती एकीनेच. उरलेल्या दोघींना 'स्व' नाही असे म्हणायचे काय? जो प्राणी स्वतःच्या हौसेने अंगावर माती उडवून घेतो, त्याला एका डागाचे ते काय कौतुक?

प्राण्यांचे राहू द्या. २०११ साली काही संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील मुलांवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाच्या नकळत त्याच्या कपाळावर कागदाची टिकली चिकटवायची आणि समोर आरसा धरायचा, अशी पद्धत होती. अमेरिका व कॅनडातील बहुतेक मुलांनी टिकलीला हात लावला. केनियाच्या ग्रामीण भागातील दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी हात लावला तो फक्त दोघांनी! बाकीची मुले आरशाकडे टक लावून निश्चल उभी राहिली.

सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा चेहरा ओळखता येत नाही, हे कोणाला खरे वाटेल? संशोधकांनाही ते वाटले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. या मुलांना 'स्व'ची जाणीव नाही असा अर्थ त्यांनी काढला नाही. मुलांनी स्वतःला ओळखले असावे; परंतु परक्या मोठ्या माणसासमोर, आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे ठाऊक नसताना, टिकलीला हात लावावा की नको हे त्यांना ठरवता आले नसावे, असे त्यांनी मांडले. जिथे मुलांना मोठ्यांचे ऐकायला शिकवतात, प्रश्न विचारायला शिकवत नाहीत, तिथे गप्प उभे राहणे हेच शहाणपण असते.

केनिया मी नकाशातच पाहिला आहे. पण ते उभे राहणे मला परके वाटले नाही. आमच्या घरी आजीच्या फणेरपेटीत एक आरसा आहे आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला दुसरा. दात येण्यापूर्वी बाळाला आरसा दाखवायचा नाही, दिवेलागणीनंतर मुलींनी आरशात पाहायचे नाही, आणि पाहुणे आले असता तर मुळीच नाही, हे आम्हा बहिणींना न सांगताच कळत गेले. मला त्या वयात कोणी परक्या बाईने टिकली चिकटवून आरशापुढे उभे केले असते, तर मीही हात खाली ठेवूनच उभी राहिले असते. आणि कोणी आपल्या वहीत माझ्या नावापुढे फुली मारली असती.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वर्गात सर विचारतात, 'समजले का?' पहिल्या बाकांवरून चटकन उत्तर येते. मागच्या बाकांवर, खेड्यांतून एस. टी. ने येणाऱ्या आम्ही मुली खाली मान घालून बसतो. वडीलधाऱ्यांनी विचारल्यावर 'समजले' म्हणणे हा उद्धटपणा, आणि 'नाही समजले' म्हणणे म्हणजे त्यांच्या शिकवण्याला नाव ठेवणे; दोन्हींतून सुटायचे तर गप्प राहावे. मधल्या सुट्टीत मात्र झाडाखाली डबे उघडले की त्याच तासावर आमचा वाद रंगतो. तोंडी परीक्षेत मात्र वहीत उतरते ते वर्गातले मौन. झाडाखालचा वाद कोणाच्याच वहीत नसतो.

मौन हे नेहमीच ज्ञानाचे लक्षण असते, असा माझा दावा नाही. पेपर कोरा सोडला तर शून्यच मिळणार, आणि ते योग्यही आहे. बोलायला शिकणे ही आमची जबाबदारी आहे. कोणाच्या तरी दृष्टीला पडल्यावाचून 'मी' घडत नाही, असे कूलीच सांगून गेला आहे. म्हणणे एवढेच की, समोरचा गप्प राहिला म्हणजे त्याच्यापाशी काही नाही, असा निकाल देण्याआधी आरसा कोणी धरला आहे आणि कसा धरला आहे, हेही पाहावे.

या संदर्भात चांगदेवांची आख्यायिका आठवते. ज्ञानदेवांना पत्र लिहायला चांगदेव बसले, पण मायना काय लिहावा हे त्यांना ठरेना. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने मोठे; 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने लहान. अखेर त्यांनी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहायला ज्ञानदेवांना सांगितले, आणि पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' निर्माण झाली. त्यात आरशाचा दृष्टान्त आहे : मुख आरशात दिसते खरे, पण आरसा समोर नसला तरी मुख असतेच.

चांगदेवांचा कागद कोरा राहिला तो अज्ञानामुळे की आदर कसा व्यक्त करावा या पेचामुळे, हे कागदावरून कळण्यासारखे नव्हते. मुक्ताबाईचा शेरा लोकांच्या लक्षात राहिला. पण ग्रंथ निर्माण झाला तो निवृत्तिनाथांनी त्या कागदाला उत्तर द्यायला लावले म्हणून. केनियाच्या त्या ऐंशी मुलांच्या कपाळी टिकली होती, आणि ती कोणाची आहे हे त्यांना बहुधा पुरते ठाऊक होते. आमच्याही मागच्या बाकांना कोणी थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा विचारले, तर उत्तर येईल, असा मला विश्वास वाटतो.