गिअर नीट का पडत नाही? तरफ आणि घर्षण शिकवताना घेतलेला एक जादा पाठ



सहावीला ‘साधी यंत्रे’ शिकवताना तरफेची उदाहरणं आपण कोणती देतो? कात्री, अडकित्ता, सी-सॉ, लिंबू पिळायचं यंत्र. मुलांना ती पाठ असतात. या वर्षी मी त्यात एक भर घातली, गाडीच्या गिअरचा दांडा. त्यामागे कारण घडलं म्हणून घातली, हौस म्हणून नाही.

आमची जुनी छोटी गाडी आहे, पाच गिअरची. पसरणी घाटात, वाईहून वर पाचगणीकडे जाताना, एका वळणावर मी तिसऱ्यातून दुसरा टाकला. दांडा दुसऱ्याच्या जागी गेला, पण गिअर पडलाच नाही. कणकेत चमचा फिरवावा तसं झालं. गाडी थांबली आणि हातभर मागे सरकली. मागे एसटी, शेजारी सासूबाई, मागच्या सीटवर मुलगा. हँडब्रेक ओढला, पुन्हा क्लच दाबला, पहिला टाकला आणि निघाले. काही झालं नाही, पण हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

गॅरेजमध्ये सांगितलं, ‘‘गिअर सैल लागतो, कधी पडत नाही, आणि रिव्हर्स टाकताना खर्र वाजतं.’’ उत्तर मिळालं, ‘‘मॅडम, गिअरबॉक्स खोलावा लागेल. अठरा हजार धरा.’’ मी ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि घरी आले. एकच प्रश्न डोक्यात होता. मी सांगितलेल्या तीन तक्रारी खरंच एकाच आजाराच्या आहेत का?

आता बघा, इथूनच पाठ सुरू होतो. ‘गिअर नीट पडत नाही’ असं आपण सगळेच सरसकट म्हणतो. पण जड लागणे, सैल लागणे, अडकणे आणि खरखरणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची मुळं बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी असतात. हातापासून गिअरच्या दातापर्यंत एक साखळी आहे. त्यातली कोणती कडी बिघडली ते आधी शोधायचं.

दांडा ते गिअरबॉक्स

जुन्या जीपमध्ये ही साखळी अगदी आखूड असते. दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेला. म्हणून तो हातात थरथरतो, पण गिअर पडला की स्पष्ट कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवते का? तिचा दांडा स्टिअरिंगच्या खाली होता. त्यामुळे पुढची सीट सलग ठेवता आली, पुढे तिघं बसायचे. पण दांड्याची हालचाल सळ्या आणि सांध्यांमधून फिरत फिरत गिअरबॉक्सपर्यंत जायची. प्रत्येक सांधा थोडा झिजला की सगळी ढिलाई एकत्र होऊन हाताला लागायची. मुरलेले टॅक्सीवाले अंदाजानेच गिअर शोधत. नवख्याला जमायचं नाही.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी. गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला, दांडा दोन सीटच्या मध्ये. पुष्कळ गाड्यांत या दोघांना जोडणाऱ्या दोन केबल असतात, सायकलच्या ब्रेकच्या केबलसारख्या, फक्त जाड, आणि ओढतात तशा ढकलतातही. एक केबल दांड्याची डावी-उजवी हालचाल नेते, दुसरी पुढची-मागची. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा किंवा रबराचा छोटा बुश असतो. हा बुश झिजला की दांड्याची पहिली काही हालचाल पोकळ जाते. हात दुसऱ्या गिअरच्या जागी पोचलेला असतो, पण गिअरबॉक्सच्या आत काम अर्धवटच झालेलं. घाटात माझं नेमकं तेच झालं होतं, पण तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्गात मी सायकलच्या ब्रेकची जुनी केबल नेली. मुलांनी ती सरळ धरून आतली तार ओढली, सहज सरकली. मग बाहेरचं वेष्टण दोन वळसे देऊन धरलं आणि ओढली, कितीतरी जड. ‘‘बाई, तार तीच, जड का झाली?’’ हा प्रश्न मुलांकडून आला की घर्षण शिकवायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. वळणांवर तार वेष्टणाला दाबली जाते, दाब वाढला की घर्षण वाढतं. गिअरची केबल चुकीच्या वळणाने बसवली गेली किंवा पाणी जाऊन आतून गंजली तर दांडा असाच जड होतो. कोकणातल्या पावसात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी हे लक्षात ठेवावं. गंजलेली केबल तेल ओतून फार दिवस चालत नाही, ती बदलावीच लागते.

इंजिन बंद, इंजिन चालू

रविवारी सकाळी मी एक साधी चाचणी केली. तुम्हीही करू शकता. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, मुलं गाडीपासून लांब. इंजिन बंद ठेवून क्लच दाबायचा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघायचे. एखादा अडला तर लगेच घाबरू नका. बंद गाडीत कधी दात दातासमोर येतात. क्लच सोडून परत दाबा, पुन्हा टाका. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबलेला आणि पाय ब्रेकवर ठेवून तेच करायचं.

दोन्ही वेळा सारखंच जड लागलं तर दोष केबल, सांधे किंवा गिअरबॉक्स यांच्यात. बंद असताना हलके आणि चालू केल्यावर जड किंवा खरखर, तर संशय क्लचवर. क्लचचं काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेवढ्यापुरतं वेगळं करण्याचं. तो पूर्ण सुटला नाही तर आतला शाफ्ट फिरतच राहतो आणि फिरत्या दातांत आपण दात घुसवायला बघतो. याची खात्री करायची तर क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. न थांबता टाकल्यावर थोडं वाजणं समजू शकतं, कारण पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला वेग जुळवणारी कडी नसते. पण थांबूनही खर्र झालं तर क्लच सुटत नाही.

माझ्या गाडीत थांबूनही खर्र झालं. म्हटलं, आता क्लचचा खर्च! वाकून पायाखाली पाहिलं तर काय, जुन्या रबरी पायपुसण्यावर दिवाळीत घेतलेलं दुसरं जाड पायपुसणं. त्याची कडा दुमडून क्लचच्या पायाखाली गेलेली. क्लच शेवटचा दीड-दोन बोटं दाबलाच जात नव्हता. पायपुसणं काढलं, पाच सेकंद थांबले, रिव्हर्स टाकला. आवाज नाही.

तीन तक्रारींपैकी एक संपली, फुकटात. हसू आलं आणि रागही आला, अर्थात स्वतःचाच. मी सगळं एका दमात सांगितलं म्हणून समोरच्यानेही सगळ्याचं एकच कारण धरलं होतं.

ढिलाई तशीच होती. त्यासाठी दोन माणसं लागतात. नवरा आत बसून इंजिन बंद ठेवून दांडा हळूहळू हलवत होता, मी बॉनेट उघडून गिअरबॉक्सवर केबलची टोकं बघत होते. (काही गाड्यांत ती दिसायला एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो.) एक टोक दांड्याबरोबर लगेच हलत होतं. दुसरं, पुढच्या-मागच्या हालचालीचं, थोडं थांबून मग हलत होतं. बुश फाटलेला. ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रीने तो बदलला आणि सांध्याला रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं, हे त्यांनीच सांगितलं. मग न्यूट्रलला केबलची लांबी जुळवली. बुश आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं.

दोन पेले आणि पितळी कडी

आता गिअरबॉक्सच्या आतली गोष्ट. ती मला वर्गात सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

पूर्वी गिअर बदलताना दोन्ही बाजूंचा वेग ड्रायव्हरने जुळवायचा. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रल, गरजेप्रमाणे ॲक्सिलरेटर. चुकलं की दात कराकरा वाजत. १९२८ साली कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची युक्ती गाड्यांत आणली. तिला सिंक्रोमेश म्हणतात. दात एकमेकांत जाण्याआधी एक निमुळती कडी, बहुधा पितळेची किंवा काशाची, गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते. घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो आणि मगच दात आत जातात.

हे मुलांना दाखवायला स्टीलचे दोन निमुळते पेले पुरतात. एक टेबलावर मोकळा ठेवा, दुसरा त्यात अलगद बसवून फिरवा. आतला नुसताच फिरेल. आता थोडा दाबून फिरवा, बाहेरचाही फिरू लागेल. मग मधे खाद्यतेलाचे चार थेंब घाला. तेवढ्याच दाबाला आता आतला घसरतो, बाहेरच्याला न्यायला जास्त दाबावं लागतं. एक मुलगी म्हणाली, ‘‘मग गाडीत तेल घालतातच कशाला?’’ छान प्रश्न. बाकीचे दात आणि बेअरिंग तेलाशिवाय जळून जातील. म्हणून कडीच्या आतल्या बाजूला बारीक आटे कोरतात. ते तेलाचा पापुद्रा कापतात आणि धातूला धातू धरू देतात.

आता दोन व्यवहारातल्या गोष्टी आपोआप कळतात. पहिली, गिअर टाकताना मध्ये जो हलका अडसर जाणवतो तो दोष नाही. कडी वेग जुळवतेय. तिथे अर्धा क्षण दाब धरून थांबायचं. हिसका दिला की कडी झिजते. मग एखाद्या ठरावीक गिअरलाच खरखर सुरू होते, आणि तेव्हा मात्र गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नसतो. दुसरी, तेल कोणतं हे महत्त्वाचं. मी दुकानात गेले तर समोरच्या फळीवरचं जीएल-५ लिहिलेलं तेल हातात दिलं. ‘आकडा मोठा म्हणजे भारी’ असं ऐकवलंही. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ आणि ७५डब्ल्यू-९० लिहिलं होतं. जीएल-५ मधली दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. ती वेगळ्या प्रकारच्या दातांसाठी, मागच्या ॲक्सलसारख्या जागी, उपयोगी. पण काही तेलांत ती पितळेला त्रास देतात आणि कडीला घसरवतात. पुस्तकात असेल तेच घालावं. ७५डब्ल्यू मधला ‘डब्ल्यू’ थंडीतला पातळपणा सांगतो. तेल जाड किंवा जुनं असेल तर थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड लागतात आणि मग हलके होतात.

ज्याचे वडील वडापची जीप चालवतात असा एक मुलगा वर्गात आहे. एरवी गप्प असतो. तो म्हणाला, ‘‘पप्पा रिव्हर्सच्या आधी एकदा दुसरा टाकतात, मग वाजत नाही.’’ मी त्याला फळ्याकडे बोलावलं आणि ‘का’ ते सगळ्यांना मिळून शोधायला लावलं. सात-आठ मिनिटं गेली, पण उत्तर निघालं. दुसऱ्या गिअरला कडी असते. गाडी उभी असताना ती फिरता शाफ्ट थांबवते. शाफ्ट थांबला की रिव्हर्सचे दात शांतपणे बसतात. पुस्तकात हे नाही.

आखूड दांड्याचा मोह

तरफेचा भाग शेवटी घेतला. ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी, खालून ५ सेंटिमीटरवर भोक, त्यात खिळा. खालचं टोक २ सेंटिमीटर हलवायचं तर वरचं टोक १० सेंटिमीटर हलवावं लागतं. भोक ७.५ सेंटिमीटरवर केलं की वरचं टोक फक्त ६ सेंटिमीटर हलतं. मुलांनी मोजून बघितलं. मग खालच्या टोकाला रबरबँड अडकवून ओढलं, आणि दुसऱ्या वेळी बोटाला जास्त जोर लागला.

बाजारात ‘शॉर्ट शिफ्टर’ म्हणून जे मिळतं ते हेच. हालचाल कमी, जोर जास्त. कॉलेजात जाणारी मुलं घरी हट्ट धरतात, म्हणून पालकांना मुद्दाम सांगते. झिजलेल्या बुशवर असा दांडा बसवला तर ढिलाई जात नाही, कडीवरचा भार मात्र वाढू शकतो. जड मूठ बसवण्याचाही एक प्रकार आहे. वजनामुळे दांडा एकदा निघाला की अडसरातून सहज पुढे जातो, हाताला बरं वाटतं. पण दोष असला तर तो झाकला जातो. आधी बुश, क्लच, तेल, आणि मग हौस.

एक सवय मात्र आजच सोडा. गाडी चालवताना हात दांड्यावर टेकवून ठेवू नका. हाताचं वजन आतल्या काट्यावर जातं आणि काटा फिरत्या भागाला घासत राहतो.

नवीन तेल घालून आता तीन महिने झाले. दुसरा गिअर स्पष्ट पडतो, रिव्हर्स वाजत नाही. थंड गाडीत सकाळी तिसरा अजून किंचित जड लागतो, शाळेच्या फाट्यापर्यंत हलका होतो. मिस्त्री म्हणाले, ‘‘तो तसाच राहू द्या बाई, खर्र करायला लागला की या.’’ गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन पुन्हा पसरणी घाटातून गेले. त्या वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकला, अर्धा क्षण थांबून.