तारेखालचे दात

तारा निघतात, दात सरळ रेषेत आलेले दिसतात आणि दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट जिथे होतं त्याच्या भोवती खडूसारखा पांढरा डाग दिसतो. अन्नातल्या साखरेवर जिवाणू जगतात, त्यांच्या आम्लाने दाताच्या आवरणातलं कॅल्शियम विरघळतं, त्याचा हा डाग. तो महिन्याभरातही उमटू शकतो आणि बऱ्याचदा कायमचा राहतो. म्हणून मुलगा-मुलगी बारा वर्षांची असोत की सोळा, तारा बसवल्याच्या पहिल्या रात्रीपासून खालची पद्धत लावून द्या.

साहित्य: मऊ केसांचा लहान डोक्याचा ब्रश, दातांच्या फटींत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश, टोक कडक असलेला सुपरफ्लॉस, फ्लोराइड असलेली पेस्ट आणि आरसा. पेस्ट घेताना नळीवर फ्लोराइडचं प्रमाण वाचा, साधारण १००० पीपीएम असावं. काही आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. ज्यांना ती आवडते त्यांनी निदान तारा असेपर्यंत फ्लोराइडचीच वापरावी. मशेरी किंवा खरखरीत दंतमंजन मात्र अजिबात नको.

काढ-घाल करायचे रबर अडकवलेले असतील तर ते आधी काढून ठेवायचे. मग साध्या पाण्याची जोरदार चूळ, गालांत पाणी खळखळवत, दोन-तीनदा. पोह्यातली कोथिंबीर आणि भाकरीचे कण यानेच बरेचसे सुटतात. शाळेत, क्लासला ब्रश करता येत नाही, तिथे डब्यानंतर एवढी चूळ तरी भरलीच पाहिजे.

आता इंटरडेंटल ब्रश. दोन ब्रॅकेटच्या मधे, तारेच्या आतून, वरून खाली घालायचा, हलकेच पुढे-मागे करायचा आणि मग तसाच खालून वर. जात नसेल तर जोर लावू नका, बारीक मापाचा आणा.

यानंतर मुख्य ब्रश. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधली अरुंद पट्टी ही सगळ्यात धोक्याची जागा, आणि मुलांचा ब्रश नेमका तिथे पोचत नाही, तो ब्रॅकेटच्या डोक्यावरूनच घसरत जातो. केस हिरडीकडे ४५ अंशांत तिरके करायचे, जागच्या जागी लहान लहान गोल फिरवायचे, एका वेळी दोनच दात. तेच दात सोडण्याआधी ब्रश उलट तिरका करून ब्रॅकेटची दुसरी बाजू. वरची उजवी दाढ ते डावी दाढ, मग खालची ओळ, असा क्रम ठरवून घेतला की काही सुटत नाही. चावण्याची आणि आतली बाजू नेहमीसारखी. या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात. एका मिनिटात बाहेर आलेल्या मुलाला परत आत पाठवा.

हिरडीतून रक्त आलं की मुलं घाबरून तिथे ब्रश फिरवणं सोडतात. करायचं नेमकं उलट आहे: ते रक्त बहुधा दातांवर साचलेल्या थराने सुजलेल्या हिरडीचं असतं, हलक्या हाताने रोज साफ केलं की सूज उतरते. आठ-दहा दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा.

सुपरफ्लॉस रात्रीच, झोपण्याआधी. कडक टोक तारेखालून ओवायचं, फुगीर भाग दाताच्या कडेला घासत वर-खाली करायचा. शेवटी पेस्ट थुंकायची आणि पाण्याने चूळ भरायची नाही. उरलेलं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं. सकाळी फ्लॉस नसला तरी चालेल, रात्रीचं काहीच वगळायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांची राखण करणारं दुसरं काही उरत नाही.

तपासणी आईबाबांनी करायची, पण हातात ब्रश घेऊन नाही आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच. या वयात ते फार लागतं. आठवड्यातून एकदा औषधाच्या दुकानात मिळणारी, थर रंगवणारी गोळी चावायला द्या. जिथे रंग उरेल तिथे ब्रश पोचलेला नाही, हे मुलांना आरशात स्वतःलाच दिसेल. कोणी बोलायची गरज पडत नाही.

खाण्यात चिक्की, टॉफी, च्युइंगगम, कणीस दाताने ओरबाडणं आणि ऊस सोलणं बंद. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून. हळदीने ब्रॅकेटभोवतीचं पारदर्शक रबर पिवळं पडतं, ती घाण नव्हे. थंड पेय प्यायल्यावर लगेच ब्रश नको, साध्या पाण्याची चूळ भरून अर्धा तास थांबा.

तारेचं टोक गालाला टोचत असेल तर तात्पुरतं मेण लावा. ब्रॅकेट सुटलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा. आणि एक गोष्ट मुलांना आधीच स्पष्ट सांगा: दात सतत अस्वच्छ राहिले, हिरड्या सुजलेल्याच राहिल्या, तर डॉक्टरांना तारा मुदतीआधी काढाव्या लागतात, दात अर्धवट सरळ असतानाच.