नकाशातली रेंज आणि खोलीतली रेंज



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. घरच्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे धाकट्या मुलाकडे डोंबिवलीला मुक्काम करावा लागला. तिकडे फोन नीट लागावा म्हणून नवे सिम घेतले. घेताना कंपनीचा नकाशा पाहिला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळा हिरवागार! पण मुलाची खोली तळमजल्यावर, तिन्ही बाजूंनी इमारती. फोन गॅलरीत वाजे, आत मुका. इकडे आमच्या उसाला तोड आली. चिटबॉयने दोन दिवस फोन लावला, उत्तर एकच, "संपर्क क्षेत्राबाहेर". टोळी पुढच्या बांधाला गेली आणि आमचा ऊस पंधरा दिवस मागे पडला. पाणी आधीच तोडलेले. वजनात मार बसला तो बसलाच.

यात अर्धी चूक नकाशाची. उरलेली अर्धी माझी, कारण तो नकाशा वाचायचा कसा हेच मला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांची मुले ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे नोकरीला आहेत. म्हणून हा पाठ.

नकाशा म्हणजे काय?

कंपनीचा माणूस गल्लीबोळात फिरून हा नकाशा रंगवत नाही. टॉवरची उंची, अँटेनाचे तोंड, लहरींची जात आणि जमिनीचा चढउतार एवढे संगणकात घालून हिशेब काढतात. नोंदीवरून शेतकी खाते टनेजचा अंदाज बांधते, त्यातलाच हा प्रकार. अंदाज खोटा नसतो. पण उसाचे बिल अंदाजावर निघत नाही, काट्यावर निघते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला असा नकाशा आपल्या संकेतस्थळावर लावणे बंधनकारक केले आहे. टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी यांची व्याप्ती त्यात वेगवेगळी पाहता येते. ही मोठी सोय झाली. तरी अंदाज तो अंदाजच. अमेरिकेत तिथल्या दूरसंचार आयोगाने गाड्या फिरवून तीन कंपन्यांचे नकाशे तपासले. डिसेंबर २०१९ च्या अहवालात निघाले की नकाशाने कबूल केलेला किमान वेग शंभरातल्या साधारण ६२ चाचण्यांतच मिळाला.

फरक का पडतो?

१. नकाशा बहुधा उघड्यावरचा असतो. सिमेंटचा स्लॅब, लोखंडी जाळ्या, शेजारची नवी इमारत यांत लहर मुरते. त्यातही ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते व भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते. फाइव्ह-जीची ३५०० च्या आसपासची लहर लवकर थकते.

२. डोंगर आडवा येतो. ठाण्याच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसरीकडे पारसिकचा. पुण्याकडून येणारी गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की चालू बोलणे तुटते, हा अनुभव अनेकांना असेल.

३. गर्दी. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनवर दांड्या पूर्ण दिसतात, पण फोन लागत नाही. पाट भरून वाहतोय, पण सगळ्यांनी एकदम दारे उघडली तर टेलच्या माणसाला पाणी कुठले? रेंज वेगळी आणि टॉवरची क्षमता वेगळी. रेंजच्या नकाशात ही गर्दी दिसत नाही.

४. सर्कल वेगळे. ठाणे, कल्याण, डोंबिवली मुंबई सर्कलमध्ये मोडतात. आपली गावे महाराष्ट्र व गोवा सर्कलमध्ये. एकाच कंपनीकडे दोन्हीकडे सारख्याच लहरी व सारखेच टॉवर असतील असे नाही. मुलगा म्हणतो "इथे झकास चालतं", म्हणून तेच सिम आपल्या मळ्यातही चालेल असे धरू नका.

तुलना कशी करावी?

दोन कंपन्यांचे नकाशे पाहताना एकच ठिकाण आणि एकच पिढी घ्या. एकीचे फोर-जी व दुसरीचे फाइव्ह-जी अशी जोडी लावू नका. मग ज्यांच्याकडे त्या कंपन्यांचे सिम आहे अशा शेजाऱ्यांचे फोन घेऊन त्याच खोलीत, दार लावून, सकाळी व रात्री फोन लावून पाहा.

दांड्यांवर विसंबू नका. प्रत्येक फोनची दांड्या मोजायची रीत निराळी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील 'फोनविषयी' या भागात सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा 'डीबीएम'मध्ये मिळतो. तो उणे असतो. फोर-जीला उणे ९० च्या आसपास असेल तर चांगले, उणे ११० च्या पलीकडे गेला की अडचण. आणि दहाने घसरला म्हणजे शक्ती दहावा हिस्सा उरली, हे ध्यानात ठेवा. गॅलरीत उणे ८५ आणि आत उणे ११५ म्हणजे आत हजारावा हिस्सा! माझे नेमके हेच झाले होते.

खोलीत वाय-फाय असेल तर फोनमधील वाय-फाय कॉलिंग चालू करा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. नाही भागले तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकून १९०० वर संदेश पाठवावा. आलेला कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. मात्र सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, म्हणजे चुकीचे सिम घेतले तर तीन महिने अडकलात. तेव्हा आधी तपासा, मग घ्या.

शेवटचे सांगणे. तोडीच्या दिवसांत परगावी जाताना चिटबॉयकडे आणि गट ऑफिसात दोन नंबर लिहून द्या. एक आपला, एक भावकीतला, गावातच असणारा. नकाशा हिरवा असो की पांढरा, उसाची तोड कुणाच्या रेंजसाठी थांबत नाही.