स्विचिंग पॉवर सप्लायमधील निकामी ट्रान्झिस्टर : ओळख आणि बदल

नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथे १९७४ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आहे. तेथून उच्च दाबाने निघालेली वीज घरात पोहोचते ती २३० व्होल्ट दाबाने आणि सेकंदाला ५० आवर्तने या गतीने. संगणक, दूरचित्रवाणी संच, रुग्णालयातील उपकरणे किंवा बुटीबोरी आणि हिंगणा येथील कारखान्यांमधील नियंत्रण फलक यांना मात्र ५, १२ अथवा २४ व्होल्ट इतक्या अल्प दाबाची एकदिश वीज हवी असते. हे रूपांतर घडवून आणणारा भाग म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय होय. तो बंद पडला की सर्व उपकरण ठप्प होते. अशा वेळी बहुधा त्यातील ट्रान्झिस्टर जळालेला आढळतो. तो ओळखावा कसा, बदलावा कसा आणि बदललेला पुन्हा जळू नये म्हणून काय पाहावे, याची माहिती औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांना उपयोगी पडेल.

ट्रान्झिस्टरचे कार्य

ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. त्याबद्दल शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन या तीन शास्त्रज्ञांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेडिओमध्ये ट्रान्झिस्टर क्षीण संकेत मोठा करतो. पॉवर सप्लायमध्ये त्याचे काम निराळे असते. येथे तो भिंतीवरील बटनासारखा उघडझाप करतो. मात्र ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा होते.

घरातील वीज प्रथम चार डायोडांच्या ब्रिजमधून जाऊन एकदिश होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तेथील दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो, कारण २३० हे परिणामी मूल्य असून त्याचा शिखरबिंदू १.४१ पट असतो. हा दाब ट्रान्झिस्टर वेगाने तोडून लहानशा फेराइट ट्रान्सफॉर्मरला देतो. आवर्तने जितकी अधिक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. म्हणूनच जुन्या काळच्या लोखंडी पट्ट्यांच्या जड ट्रान्सफॉर्मरचे काम आज तळहातावर मावणारा भाग करू शकतो.

उन्हाळा आणि उपकरणे

नागपूरच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वश्रुत आहे. मे २०१३ मध्ये शहराचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. याचा ट्रान्झिस्टरशी काय संबंध, हे एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एखादा ट्रान्झिस्टर १० वॉट उष्णता निर्माण करतो आणि प्रत्येक वॉटमागे त्याचा अंतर्भाग आसपासच्या हवेपेक्षा ६ अंशांनी तापतो. म्हणजे तो हवेहून ६० अंश अधिक उष्ण राहील. पेटीतील हवा ४० अंश असेल तर अंतर्भाग १०० अंशांवर असेल. भर उन्हाळ्यात, पंख्यावर धूळ साचलेली असताना, पेटीतील हवा ७० अंशांवर गेली तर तोच आकडा १३० होईल. सामान्य सिलिकॉन ट्रान्झिस्टरची कमाल मर्यादा १५० अंशांच्या आसपास असते. अशा स्थितीत शेजारच्या कूलरची मोटार चालू-बंद होताना अथवा वळवाच्या पावसात वीज कडाडताना तारेतून दाबाचा एखादा झटका आला, तर तो सोसण्यास फारसा वाव उरत नाही.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आतील द्रव सुकला की त्याचे कार्य बिघडते आणि त्याचा भार अखेर ट्रान्झिस्टरवर पडतो. म्हणजे जळालेला ट्रान्झिस्टर हे पुष्कळदा रोगाचे लक्षण असते. रोग अन्यत्र असतो.

प्रथम सुरक्षितता

या कामातील सर्वांत मोठा धोका असा की, प्लग काढल्यानंतरही मुख्य कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट दाबाची वीज टिकून राहू शकते. जेव्हा फ्यूज उडालेला आणि ट्रान्झिस्टर तुटलेल्या परिपथासारखा निकामी झालेला असतो, तेव्हा तर ती विशेष टिकते. म्हणून प्लग काढून थोडा वेळ थांबावे आणि मीटरने कपॅसिटरवरील दाब मोजावा. दाब असल्यास सुमारे २ ते ३ हजार ओहमचा, १० वॉटचा रोधक इन्सुलेशन असलेल्या तारांनी काही सेकंद जोडून तो उतरवावा आणि पुन्हा मोजून खात्री करावी. पेचकस आडवा लावून ठिणगी पाडण्याची रीत सर्वस्वी त्याज्य आहे. तिने कपॅसिटर बिघडतो आणि डोळ्यांना इजा होऊ शकते.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधणे हाही असाच घातक प्रकार होय. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपले कर्तव्य बजावले. त्याच्या जागी तार आली की पुढच्या बिघाडात आग लागण्याचा संभव निर्माण होतो.

तपासणीचा क्रम

प्रथम फ्यूज पाहावा. काच काळी झाली असेल आणि तार पूर्ण उडाली असेल तर आत जबर शॉर्ट आहे, असे समजावे. तार नुसती मध्ये तुटली असेल तर बिघाड सौम्य असू शकतो. त्यानंतर फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेले रोधक आणि तडकलेले सांधे डोळ्यांनी शोधावेत.

आता मीटर डायोड-चाचणीवर ठेवून ट्रान्झिस्टर तपासावा. एनपीएन प्रकारात तांबडी सळई बेसवर ठेवून काळी प्रथम कलेक्टरला व नंतर एमिटरला लावावी. दोन्ही वेळा ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसणे योग्य होय. सळया उलटल्यास मीटरने काहीही दाखवू नये. कलेक्टर व एमिटर यांच्यामध्ये कोणत्याही दिशेने प्रवाह दिसता कामा नये. तेथे शून्याजवळचा आकडा आला तर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे. पॉवर सप्लायमध्ये हाच दोष सर्वाधिक आढळतो.

मॉस्फेट असल्यास तिन्ही पाय क्षणभर एकत्र जोडून गेटवरील विद्युतभार आधी काढून टाकावा. मग तांबडी सळई सोर्सला व काळी ड्रेनला लावली असता आतील डायोडमुळे सुमारे अर्धा व्होल्ट दिसतो. उलट दिशेने काही दिसत नाही. गेटचा अन्य दोन्ही पायांशी संबंध नसावा.

एक दक्षता येथे आवश्यक आहे. ट्रान्झिस्टर बोर्डावर असताना ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे आणि अन्य रोधक मीटरला चकवतात. शंका आली की भाग काढून स्वतंत्रपणे मोजावा. काही ट्रान्झिस्टरांच्या आत डायोड व रोधक बसवलेले असतात. त्यांची मापे वरीलप्रमाणे येत नाहीत. अशा वेळी उत्पादकाचे माहितीपत्रक पाहावे.

पर्यायी ट्रान्झिस्टरची निवड

शक्यतो त्याच क्रमांकाचा ट्रान्झिस्टर घ्यावा. तो न मिळाल्यास दाब, प्रवाह, उघडझापीचा वेग आणि पायांचा क्रम या चारही बाबी जुळल्या पाहिजेत. टू-एन-३०५५ हा १५ अँपियरचा नावाजलेला ट्रान्झिस्टर आहे. पण त्याची दाबमर्यादा केवळ ६० व्होल्ट आहे. तो ३२५ व्होल्टच्या बाजूस बसवल्यास तत्क्षणी फुटेल. मोठा आकार आणि मोठा प्रवाह म्हणजे योग्य पर्याय, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. पायांच्या क्रमाबद्दलही गृहीत धरू नये. प्रचलित १३००७ मध्ये छापील बाजूकडून पाहता बेस, कलेक्टर, एमिटर असा क्रम असतो. आयआरएफ-८४० या मॉस्फेटमध्ये तो गेट, ड्रेन, सोर्स असा असतो. जोडीने काम करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एक जळला असेल तर दोन्ही बदलावेत. बाजारात नकली भागही आढळतात. म्हणून खात्रीच्या दुकानातूनच खरेदी करावी.

ट्रान्झिस्टरची धातूची पाठ बहुधा कलेक्टरला अथवा ड्रेनला जोडलेली असते. म्हणून तिच्याखालील अभ्रकाची किंवा रबराची चकती आणि स्क्रूभोवतीचे वॉशर न विसरता बसवावेत. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंस उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर द्यावा. स्क्रू आवळल्यावर पाठ आणि उष्णता शोषणारी ॲल्युमिनियमची पट्टी यांच्यात मुळीच जोड नाही, हे मीटरने पाहावे. ही एक तपासणी चुकली तर ती पट्टी, आणि प्रसंगी उपकरणाचे बाह्यांगही, जीवघेण्या दाबाला जोडले जाण्याची भीती असते.

वीज देण्यापूर्वी

ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की त्याच्याबरोबर ब्रिजचे डायोड, एमिटर अथवा सोर्समधील अल्पमूल्य रोधक, बेसकडील रोधक व डायोड आणि मॉस्फेट असल्यास नियंत्रक आयसी यांनाही इजा होऊ शकते. हे सर्व तपासल्याखेरीज नवा ट्रान्झिस्टर बसवून वीज दिल्यास तो क्षणार्धात जळतो आणि ग्राहकाचे पैसे व कारागिराची पत दोन्ही जातात.

पहिली चाचणी सिरीज बल्बने घ्यावी. ६० अथवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तंतूचा बल्ब पुरवठ्याच्या तारेत मालिकेत जोडावा. एलईडी बल्ब येथे उपयोगी नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही, असे समजावे. तो पूर्ण तेजाने जळत राहिला तर वीज तत्काळ बंद करून दोष पुन्हा शोधावा. सिरीज बल्ब नवे भाग वाचवतो. विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवत नाही. आतील मापे घ्यायची असल्यास आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा आणि काम करताना कोणीतरी सोबत असावे. बल्बची चाचणी समाधानकारक झाल्यावर योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा, धूळ साफ करावी, पंखा फिरतो की नाही हे पाहावे आणि भार जोडून उपकरण काही वेळ निरीक्षणाखाली चालवावे.

दुरुस्तीचे महत्त्व

एका अल्पमोली ट्रान्झिस्टरअभावी अख्खे उपकरण भंगारात जाणे हे देशाच्या साधनसंपत्तीचे नुकसानच होय. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात अमलात आले आहेत. परंतु कचरा होण्यापूर्वी वस्तूचे आयुष्य वाढवणे हा त्याहून श्रेयस्कर मार्ग आहे. निकामी झालेले भाग मात्र घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे द्यावेत. प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत ठेवावी: कोणता भाग जळला, कारण काय सापडले आणि त्या वेळी ऋतू कोणता होता. वर्षभरात ही वही कारागिराला आपल्या गावच्या उन्हाविषयी आणि विजेविषयी पुष्कळ काही शिकवून जाईल.