स्मारक ठेवावे की काढावे?



मागच्या सहलीत आपण ट्रेप्टोवर पार्कमधले सोव्हिएत युद्धस्मारक पाहिले. तेव्हा मोठ्या गटातल्या एका मुलीने विचारले, "माझ्या वर्गात युक्रेनची एक मैत्रीण आहे. ती इथे यायला तयार नसते. मग हे काढून का टाकत नाहीत?" लगेच दुसरा म्हणाला, "इथे माणसे पुरलेली आहेत, काढणार कसे?" गाडी पकडायची घाई होती, म्हणून आम्ही विषय आवरता घेतला. ते काही बरे झाले नाही. म्हणून या अंकात हा पाठ.

आधी शब्द पाहू. 'स्मारक' हा शब्द 'स्मृ' म्हणजे आठवणे या संस्कृत धातूपासून आला. आपले एका शब्दात भागते. जर्मन भाषेत मात्र तीन शब्द आहेत. 'डेंकमाल' हा सर्वसाधारण शब्द, 'एरेनमाल' गौरवासाठी आणि 'मानमाल' ताकीद देण्यासाठी, म्हणजे असे पुन्हा घडू नये म्हणून. ट्रेप्टोचे स्मारक हे एरेनमाल आहे.

महाराष्ट्रात गेलात की गावाच्या वेशीवर किंवा जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात का पाहा. एका उभ्या दगडावर चौकटी कोरलेल्या असतात. खाली लढाई, मध्ये मेलेल्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसते. तो कोणाशी लढला हे गाव केव्हाच विसरले आणि दगडाला शेंदूर लागला. तो काढा असे कोणी म्हणत नाही, कारण भांडणारे दोन्ही पक्ष उरलेले नाहीत.

ट्रेप्टोचे तसे नाही. बर्लिनच्या लढाईत पडलेले सुमारे ७,००० सोव्हिएत सैनिक तिथे पुरलेले आहेत. स्मारकाचे उद्घाटन ८ मे १९४९ रोजी झाले. टेकडीवरचा १२ मीटर उंचीचा सैनिक तुम्ही पाहिलात. एका हातावर लहान मूल, दुसऱ्या हातात तलवार आणि पायाखाली मोडलेले स्वस्तिक. (आपल्या देवघरातल्या स्वस्तिकाचा नाझींच्या चिन्हाशी काय संबंध, हे पुढे कधीतरी.) दोन्ही बाजूंना ज्या दगडी पेट्या आहेत त्यांवर स्टालिनची वचने आहेत, एका ओळीत रशियन, समोरच्या ओळीत जर्मन. गंमत अशी, की खुद्द स्टालिनचा बर्लिनमधला पुतळा १९६१ मध्ये पूर्व जर्मनीच्याच सरकारने काढून टाकला. वचने मात्र राहिली.

आणि त्या ७,००० जणांत युक्रेनचेही सैनिक होते. ही गोष्ट त्या मैत्रिणीला माहीत असेल किंवा नसेल. तिचा राग त्यामुळे खोटा ठरत नाही, पण प्रश्न अवघड होतो.

टियरगार्टनमधल्या दुसऱ्या स्मारकापाशी दोन टी-३४ रणगाडे ठेवलेले आहेत. ते हटवावेत अशी मागणी २०१४ मध्ये झाली, २०२२ मध्ये पुन्हा झाली. त्या वर्षी कोणी त्यांच्यावर युक्रेनचे झेंडेही पांघरले. रणगाडे हलले नाहीत. १९९० मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, त्यात ही स्मारके आणि कबरी सांभाळण्याचे वचन जर्मनीने दिले आहे. म्हणजे नुसते मनात आले म्हणून काढता येत नाहीत.

काढल्यावर काय होते, तेही या शहराने पाहिले आहे. फ्रीडरिक्सहाइनमध्ये लेनिनचा १९ मीटरचा ग्रॅनाइटचा पुतळा १९७० मध्ये उभा राहिला. भिंत पडल्यावर, नोव्हेंबर १९९१ मध्ये, तो फोडायला सुरुवात झाली. काम १९९२ पर्यंत चालले. सव्वाशेच्या वर तुकडे झाले आणि ते क्योपेनिकच्या जंगलात वाळूखाली पुरले. पुढे संग्रहालयाला त्याचे डोके हवे झाले, तर त्या जागी दुर्मिळ सरडे राहतात म्हणून पंचाईत! शेवटी २०१५ मध्ये सुमारे साडेतीन टनांचे ते डोके बाहेर निघाले. आता ते श्पांडाउच्या किल्ल्यात आडवे ठेवलेले आहे. मुंबईतही १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला, चौकाचे नाव मात्र आजही काळा घोडा.

आता थोडे घरचे. पुणे जिल्ह्यात कोरेगाव भीमाजवळ इंग्रजांनी जयस्तंभ बांधला. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीची फौज दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी लढली, त्याची ही आठवण. बांधणाऱ्यांना आपला विजय मिरवायचा होता. पण त्यावर कोरलेल्या नावांत अखेरीस 'नाक' असलेली महार सैनिकांची नावे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, आणि तो स्तंभ लाखो लोकांसाठी इंग्रजांचा न राहता आपल्या माणसांच्या पराक्रमाचा झाला. दगड तोच. आम्ही शाळेत 'पेशवाईचा शेवट' एवढेच शिकलो. त्या नावांविषयी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. १ जानेवारी २०१८ रोजी तिथे हिंसाचार होऊन एका तरुणाचा जीव गेला. आपल्याही वर्गात या स्तंभाबद्दल घरोघरी वेगवेगळे बोलले जात असेल.

आमचे मत विचाराल तर कबरींना कोणीही हात लावू नये, मग त्या कोणाच्याही असोत. रणगाड्यांचे तसे वाटत नाही. करार बदलता आला तर ते संग्रहालयात शोभतील. आमच्याच घरात यावर एकमत नाही. रणगाडे नेले तर उद्या लोकांना ती लढाई किती भयंकर होती ते कळणार नाही, असे समोरून ऐकू येते.

पुढच्या शनिवारी मोठ्या गटाने एक काम करायचे आहे. आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या गावात कोणता पुतळा, स्तंभ किंवा वीरगळ आहे ते विचारा आणि पाच ओळी मराठीत लिहून आणा. तो कोणी उभारला आणि तो कोणाला आवडत नाही, हे दोन्ही विचारायला विसरू नका. लहान गटाने ट्रेप्टोच्या सैनिकाचे चित्र काढावे. श्पांडाउला लेनिनचे डोके बघायला कोण कोण येणार, हे पालकांनी वर्गात कळवावे. यू७ च्या त्सिटाडेल स्थानकावर उतरायचे आहे, डबा आपापला.